टायरच्या चुऱ्याचे रॉकेट: आधी ऑक्सिजन कुठला ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारी आला की ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर इथल्या शाळा-महाविद्यालयांत विज्ञान प्रदर्शने भरतात आणि त्यांत ‘टाकाऊ टायरपासून रॉकेटचे इंधन’ हा प्रकल्प हमखास दिसतो. पोस्टरवर एका बाजूला टायरचा ढीग, दुसऱ्या बाजूला झेपावणारे रॉकेट आणि मधोमध हिरवा बाण. परीक्षक कौतुक करतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या बाणाच्या पोटात नेमके काय घडते, हे मात्र कोणी विचारत नाही. रबर, प्लास्टिक आणि ज्वलन या विषयांत काम केलेल्या आम्हा काहीजणांना त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीहून ‘स्पेसशिपवन’ हे खासगी यान शंभर किलोमीटरच्या वर जाऊन आले, तेव्हा ‘टायरच्या रबरावर आणि लाफिंग गॅसवर उडालेले यान’ अशी वर्णने जगभर छापली गेली. टायर-रॉकेटच्या कल्पनेला खतपाणी मिळाले ते त्यातूनच. प्रत्यक्षात त्या यानात टायर नव्हता. त्यातले रबर म्हणजे एचटीपीबी. हे मधासारखे घट्ट, वाहते पॉलिब्युटाडाइन असते आणि त्यात क्युअरिंगचे, म्हणजे घट्ट करणारे, रसायन मिसळले की त्याचे रबर बनते. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातल्या सुमारे १३८ टन घन इंधनालाही हेच एचटीपीबी बांधून ठेवते. टायरमधल्या रबराशी त्याचे नाते आहे, पण ते चुलत भावाचे. टायर मुळात वितळत नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनायझेशनमुळे रबराच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात. तापवल्यावर असे रबर पातळ होत नाही, थेट विघटन पावते. त्यामुळे ‘टायर वितळवून साच्यात ओतला’ असे पोस्टरवर लिहिलेले दिसले, तर त्या मुलांनी प्रयोग केलेला नाही, एवढे नक्की समजावे.

आता मुख्य मुद्दा. रबर हे फक्त इंधन आहे. ते आपल्या घरातल्या मेणबत्तीइतकेच शांत असते, कारण जळायला त्याला बाहेरून ऑक्सिजन लागतो. दिवाळीतला बाण बंद नळीत जळतो, कारण त्याच्या दारूत ऑक्सिजन देणारे द्रव्य आधीच मिसळलेले असते. टायरच्या चुऱ्यात असे द्रव्य कालवले की तो ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्प राहत नाही, ते स्फोटक मिश्रण होते. मग स्फोटके अधिनियम, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ लागू होतात आणि परवाना नसताना असे काही बनवणे हा गुन्हा ठरतो. शिवाय टायरमध्ये दीड-दोन टक्के गंधक असते. गंधक आणि क्लोरेट (ऑक्सिजन देणारे एक द्रव्य) एकत्र आणायला फटाक्यांच्या कारखान्यांनाही कायद्याने बंदी आहे, कारण ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही पेट घेते. मिसळलेल्या घन इंधनाचा एकही आकडा म्हणूनच या पत्रात दिलेला नाही आणि कोणी विचारला तरी देणार नाही.

मग टायरच्या चुऱ्यावर प्रामाणिक प्रयोग करता येतच नाही का? येतो, हायब्रिड मोटरमध्ये. तिच्यात इंधनाची पोकळ नळी ज्वलनकक्षात बसवलेली असते आणि ऑक्सिजन वेगळ्या सिलिंडरमधून, व्हॉल्व्हमार्गे त्या पोकळीतून सोडला जातो. दोन्ही गोष्टी ज्योतीपर्यंत एकमेकींना भेटतच नाहीत. व्हॉल्व्ह बंद केला की आग विझते. हा प्रयोग अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जमिनीला जखडलेल्या चाचणी-चौकटीवर, जाणकार प्राध्यापकांच्या हजेरीत करायचा आहे. शाळेच्या गॅलरीत तो जमणार नाही.

चुरा कुठून आणायचा, इथेच निम्मा प्रयोग ठरतो. घोडबंदर रोडवरच्या टर्फवर खेळून आल्यावर मुलांच्या बुटांतून जे काळे दाणे पडतात ते टायरचेच असतात, पण आपल्या कामाचे नाहीत. ते एक-दोन मि.मी. जाड असतात आणि त्यांत टर्फची वाळू मिसळलेली असते. वाळू जळत नाही, नॉझल, म्हणजे गरम वायू बाहेर सोडणारे अरुंद तोंड, मात्र खरवडते. अख्खा टायर दळून काढलेल्या चुऱ्यात पोलादी तारेचे बारीक तुकडे आणि नायलॉनचा कापूस येतो. तारेचा तुकडा ही नुसती अशुद्धता समजू नये. गॅसकटर लोखंड कापतो तो ऑक्सिजनच्या झोतात लोखंड स्वतः जळते म्हणूनच. इंधनाच्या पृष्ठभागातून वर आलेली केसाएवढी तार तापून त्याच रीतीने पेटते आणि तिथे नळीला खळगा पडतो.

सगळ्यात चांगला माल मिळतो टायर रिमोल्ड करणाऱ्यांकडे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या, तुर्भे-महापेच्या किंवा भिवंडीच्या वाटेवरच्या अशा दुकानांत जुन्या टायरवर नवी पट्टी चढवण्याआधी झिजलेला वरचा थर खरवडतात. त्याला बफिंग म्हणतात आणि त्यातून पडणाऱ्या मालाला बफिंगचा चुरा. हा फक्त ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराचा, भाग असल्याने त्यात तार जवळजवळ नसते, कापूसही नसतो. त्यात लांब शेवयांसारखे तुकडे असतात, ते चाळून बाजूला काढावेत. ३० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ०.६ मि.मी.च्या छिद्रांतून पडेल तो माल घ्यावा. ४० मेशचा, ०.४२ मि.मी.चा मिळाला तर उत्तम. ८० मेशहून बारीक भुकटी नको. ती राळ, म्हणजे चुरा बांधून ठेवणारे एचटीपीबी, शोषून घेते आणि मिश्रण ओतताच येत नाही. चाळल्यावर चुरा पातळ पसरून त्यावरून जोरकस चुंबक तीनदा फिरवायचा. स्पीकरमधला जुना चालतो. तिसऱ्या वेळी चुंबकाला काही चिकटले तर चौथ्यांदा फिरवायचा.

चुरा दोन तऱ्हांनी दळला जातो आणि हा फरक ओतताना कळतो. साध्या तापमानाला दळलेला दाणा खडबडीत, स्पंजासारखा असतो. राळ त्याला घट्ट धरते, पण मिश्रण लवकर घट्ट होते. द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेला दाणा काचेसारखा गुळगुळीत असतो. मिश्रण सैल राहते, पण दाणा राळेतून सुटायची शक्यता वाढते. बफिंग पहिल्या प्रकारात मोडते. रिक्लेम रबर म्हणून लादीच्या रूपात जे विकतात ते तिसरेच प्रकरण. त्यात प्रक्रियातेल असते आणि ते मिसळायला टू-रोल मिल, म्हणजे दोन रुळांचे यंत्र, लागते. या कामात त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रमाण. एका लहान नळीचा हिशेब देतो: बाहेरचा व्यास ५० मि.मी., पोकळीचा २०, लांबी १५०. तिचे घनफळ सुमारे २४७ घन सें.मी. येते. एचटीपीबीची घनता ०.९२ आणि टायरच्या चुऱ्याची साधारण १.१५ धरली, तर वजनाने ३० टक्के चुऱ्याच्या मिश्रणाची घनता ०.९८ होते आणि नळी २४२ ग्रॅमची. भांड्याला चिकटणारा माल धरून २७० ग्रॅम मिश्रण करावे: चुरा ८१ ग्रॅम, बाकी १८९ ग्रॅम राळ व क्युअरिंगचे रसायन. ४० टक्के चुऱ्याला मिश्रण थालीपीठाच्या पिठासारखे होते. ते थापता येते, ओतता येत नाही, आणि थापलेल्यात हवा राहते. पहिल्यांदाच ५० टक्क्यांच्या बाता मारणाऱ्या गटाची नळी कापून पाहावी. आतून ती पावासारखी दिसेल.

क्युअरिंगच्या रसायनाचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. एचटीपीबीच्या डब्यासोबत मिळणाऱ्या तपासणीपत्रावर हायड्रॉक्सिलचा, म्हणजे क्युअरिंगच्या रसायनाशी जोडल्या जाणाऱ्या गटांचा, आकडा असतो. तो ग्रॅमला ०.७५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच ४२ मि.ग्रॅ. केओएच असेल आणि रसायन आयपीडीआय (आयसोसायनेट वर्गातले) असेल, तर १०० ग्रॅम राळेला ८.३ ग्रॅम लागते. आयपीडीआयचे इक्विव्हॅलंट वजन १११, त्यावरून हे आले. आपल्या १८९ ग्रॅममध्ये १७४.५ ग्रॅम राळ आणि १४.५ ग्रॅम आयपीडीआय. आयसोसायनेटची वाफ श्वसनसंस्थेला अपायकारक असते आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की सहसा जात नाही. त्यामुळे काम फ्युम हूडखालीच करायचे, नायट्राइलचे हातमोजे घालून. घरच्या स्वयंपाकघरातला ओव्हन या कामाला चुकूनही वापरू नये.

क्रम असा. चाळलेला चुरा ७० अंशांवर रात्रभर सुकवावा आणि गरम असतानाच झाकणबंद डब्यात घालावा. ही पायरी गाळली की प्रयोग फसतो आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत हमखास फसतो. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, तो वायू मिश्रणात अडकतो आणि नळीचा फेस होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुकवलेला चुरा तासभर उघडा राहिला तरी पुन्हा सुकवायला घ्यावा. सुकल्यावर चुरा राळेत थोडाथोडा घालून ढवळावा, मग निर्वात भांड्यात १५-२० मिनिटे ठेवावा. मिश्रण आधी फुगते, नंतर खाली बसते. म्हणून भांडे मिश्रणाच्या चौपट तरी मोठे असावे, नाहीतर पंपात राळ जाते. त्यानंतर आयपीडीआय घालून हलक्या हाताने पाच मिनिटे ढवळायचे आणि पुन्हा दहा मिनिटे निर्वातात. फेनॉलिक किंवा जाड कागदी नळीत, मधोमध २० मि.मी.चा गुळगुळीत पोलादी दांडा उभा करून ओतायचे. दांड्याला ग्रीस लावू नये. पुढे याच पोकळीतून ऑक्सिजन जाणार आहे आणि तेल-ग्रीसचा अंशही चालत नाही. टेफ्लॉनची पातळ फिल्म गुंडाळावी. ६० अंशांवर पाच ते सात दिवस ठेवावे.

पूर्ण नळी ओतण्याआधी २० ग्रॅमची वाटी-चाचणी जरूर करावी. टायरच्या दाण्यातले तेल, ओल आणि पृष्ठभागावरचे सक्रिय गट क्युअरिंगचे रसायन थोडेफार खातात, त्यामुळे कागदावर बरोबर असलेले प्रमाणही कधी चिकट, मऊ नळी देते. वाटी सात दिवसांनंतरही बोटाला चिकटली तर आयपीडीआय पाच टक्क्यांनी वाढवून दुसरी वाटी लावावी. राळेऐवजी प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन वापरायचा मोह काहींना होतो. ते तर टायरमधल्या गंधकामुळे क्युअरच होत नाही, दाण्यांभोवती कायमचे ओले राहते. मेणात चुरा मिसळण्याची कल्पनाही वारंवार येते. पॅराफिन वितळून त्याच्या थराचे थेंब उडतात, म्हणून ते एचटीपीबीच्या तीन-चार पट वेगाने झिजते, हे खरे आहे. मात्र मेण पातळ झाले की त्यातला रबराचा दाणा न जळता सुटून जातो.

नळी तयार झाली की दांडा काढून तिचे वजन आणि मापे घ्यावीत. हिशेबाने घनता ०.९८ यायला हवी. ०.९५ च्या खाली आली तर आत तीन टक्क्यांहून जास्त हवा आहे. ती नळी चाचणीला घेऊ नये, उभी कापून बुडबुडे कुठे आहेत ते पाहावे. पोकळीतून ज्योत बुडबुड्यात शिरली की जळणारे क्षेत्र अचानक वाढते.

चाचणीच्या आकड्यांकडे येऊ. या नळीतून सेकंदाला १५ ग्रॅम ऑक्सिजन सोडला तर पोकळीतली प्रवाहघनता चौरस मीटरला सेकंदाला ४८ किलो होते. साध्या एचटीपीबीसाठी पाठ्यपुस्तकांतले सूत्र सांगते की झिजेचा वेग मि.मी. प्रति सेकंद म्हणजे ०.०३०४ गुणिले प्रवाहघनतेचा ०.६८१ वा घात. त्याने सुमारे ०.४२ मि.मी. येतात, इंधन सेकंदाला चारेक ग्रॅम जळते आणि ऑक्सिजन-इंधन गुणोत्तर पावणेचारच्या आसपास बसते. ६ मि.मी. गळ्याच्या ग्रॅफाइट नॉझलमधून कक्षात दहाएक बार दाब आणि ३० ते ३५ न्यूटन जोर, म्हणजे तीन-साडेतीन किलो वजनाइतका रेटा अपेक्षित आहे. जोर मोजायला लोडसेल (वजन मोजणारा संवेदक) आणि त्याचे संकेत वाचणारा एचएक्स७११ चा छोटा बोर्ड पुरतो. तो सेकंदाला ८० वाचनांवर लावावा, १० वर ठेवला तर सुरुवातीचा झटका दिसतच नाही. नॉझलसाठी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये ईडीएम (ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्राच्या) इलेक्ट्रोडच्या ग्रॅफाइटचे उरलेले तुकडे विचारावेत.

१५ ग्रॅम हा आकडा लहान वाटतो, पण तो सेकंदाला अकरा लिटरहून जास्त, मिनिटाला पावणेसातशे लिटर वायू होतो. रुग्णालयातला फ्लोमीटर मिनिटाला १५ लिटर देतो, त्यावर ही मोटर धुरकट निरांजनासारखी जळेल. त्यासाठी मोठ्या प्रवाहाचा रेग्युलेटर हवा आणि तो निवडण्याचे काम गॅस पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडे द्यावे.

आता ज्या निकालावरून बहुतेक प्रकल्प चुकीचा निष्कर्ष काढतात तो पाहू. समजा पाच सेकंदांच्या चाचणीआधी नळी २४२ ग्रॅमची होती आणि नंतर २२१.५ भरली. गेलेले २०.५ ग्रॅम भागिले घनता म्हणजे २०.९ घन सें.मी. त्यावरून पोकळीचा नवा व्यास २४ मि.मी. येतो आणि झिजेचा वेग ०.४ मि.मी. प्रति सेकंद. दुसऱ्या गटाच्या ४० टक्के चुऱ्याच्या नळीने त्याच वेळात २८ ग्रॅम गमावले, तर लगेच पोस्टरवर येते, ‘टायर मिसळल्याने इंधन ३७ टक्के जास्त वेगाने जळते’. ते जळाले की उडाले?

टायरच्या वजनात पाव भागाहून जास्त कार्बन ब्लॅक असतो, शिवाय झिंक ऑक्साइड, आणि नव्या टायरमध्ये सिलिकाही. एचटीपीबी तापले की जवळजवळ संपूर्ण वायू होते. टायरचा दाणा तापला की वजनाच्या ३० ते ४० टक्के घन कोळसा मागे राहतो. म्हणून चाचणीनंतर चुऱ्याच्या नळीची पोकळी काळ्या सालीने भरलेली दिसते. ही साल दोन परस्परविरुद्ध कामे करते. काळा पृष्ठभाग ज्योतीचे प्रारण चांगले शोषतो. म्हणूनच शुद्ध एचटीपीबीतही एक टक्क्याच्या आत कार्बन ब्लॅक मुद्दाम घालतात, नाहीतर प्रारण अर्धपारदर्शक इंधनात खोल शिरून ते आतून मऊ करते. पण साल जाड झाली की ती खालच्या इंधनाला उष्णतेपासून वाचवते. झीज मंदावते, मग सालीचा तुकडा सुटतो, खालचे ताजे इंधन उघडे पडते आणि दाबाच्या आलेखात करवतीचे दाते उमटतात. सुटलेला तुकडा ६ मि.मी.च्या गळ्यात अडकला तर दाब क्षणात चढतो. कक्षाला ठरलेल्या दाबाला फुटणारी सुरक्षा-चकती हवी ती यासाठीच.

म्हणजे वजनातली घट ही ज्वलनाची खूण नाही. ज्वलन तपासायला दोन उपाय आहेत. एक घरगुती: नॉझलच्या मागे दोन मीटरवर पाण्याचा थर दिलेला पत्र्याचा ट्रे ठेवायचा आणि चाचणीनंतर पाणी गाळून, सुकवून, काळे कण तोलायचे. दुसरा उपाय खरा, ज्वलन किती पुरे झाले ते सांगणारा: कक्षाचा दाब गुणिले गळ्याचे क्षेत्रफळ, भागिले दर सेकंदाचे एकूण वस्तुमान. वरच्या आकड्यांत दहा बार, ६ मि.मी. गळा आणि १९ ग्रॅम धरले तर सुमारे १,४९० मीटर प्रति सेकंद येतात. त्याच साच्यात ओतलेल्या बिनचुऱ्याच्या नळीचा हाच आकडा काढावा. चुऱ्याच्या नळीचे वजन जास्त घटले आणि हा आकडा खाली आला, तर जादा इंधन न जळता बाहेर पडले, इतके सरळ आहे. बिनचुऱ्याच्या नळीशी तुलना नसलेल्या प्रकल्पाला परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उष्मांकातही टायर मागेच आहे: किलोला ३२ ते ३६ मेगाज्यूल, तर एचटीपीबी चाळिशीच्या वर. चुऱ्याच्या बाजूने दोनच गोष्टी आहेत, तो स्वस्त आहे आणि इथे पोत्याने मिळतो.

चाचणीच्या वेळी लोक रबराच्या धुराला घाबरतात आणि सिलिंडरपाशी निर्धास्त उभे राहतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. धुराचा हिशेब करता येतो: एका नळीतला सगळा चुरा, ८१ ग्रॅम, जळाला आणि त्यात दीड टक्का गंधक असले तरी अडीच ग्रॅमच्या आत सल्फर डायऑक्साइड निघतो. उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले की भागले. ऑक्सिजनचे तसे नाही. त्याच्या वाटेवरचा प्रत्येक सांधा ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला असला पाहिजे. तेलकट हाताने फिरवलेले पान्हेसुद्धा नकोत. बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या नळीतला वायू एकदम दाबला जाऊन इतका तापतो की रबरी वायसर पेट घेतो, म्हणून हळू उघडणारा व्हॉल्व्ह वापरायचा. कक्षाआधी एकदिशा व्हॉल्व्ह असावा. प्रज्वलन कमी प्रवाहावर, विजेच्या तारेने, भिंतीआडून करायचे. पेट घेतला नाही तर ऑक्सिजन बंद करून नायट्रोजन सोडायचा आणि दहा मिनिटे कोणी जवळ जायचे नाही. ऑक्सिजनात भिजलेले सुती कपडे ठिणगीने भडकतात.

आणि लाफिंग गॅस नकोच. ‘स्पेसशिपवन’मुळे नायट्रस ऑक्साइडची मोहिनी पडली, पण तो वायू स्वतःच विघटन पावून उष्णता सोडतो. २६ जुलै २००७ रोजी मोहावीत ते यान बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीत नायट्रस ऑक्साइडच्या टाकीचा स्फोट होऊन तीन माणसे गेली. त्या चाचणीत मोटर पेटवलेलीच नव्हती, फक्त वायूचा प्रवाह तपासला जात होता. मुरलेल्या अभियंत्यांचे असे झाले.

जागेबद्दल थोडक्यात. उड्डाणाचा विचार ठाणे-नवी मुंबईत सोडून द्यावा. आकाश दोन विमानतळांमध्ये वाटलेले आहे आणि ‘खाडीवर सोडू, कोणाला लागणार नाही’ म्हणणाऱ्यांनी ठाणे खाडी हे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, हे आठवावे. सिलिंडर ठेवणे व हलवणे यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. शंका असेल तिथे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडे (स्फोटके आणि गॅस सिलिंडर यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) महाविद्यालयाच्या लेटरहेडवर लेखी विचारावे.

पोस्टरवरच्या ‘टायर कचऱ्याची समस्या सुटेल’ या ओळीचा हिशेबही देऊन टाकतो. ट्रकचा टायर पन्नास-साठ किलोचा. तार वगळून ३५ किलो रबर धरले तर त्या एका टायरमधून आपल्या चारशेहून अधिक नळ्या होतील. एवढ्या चाचण्या एखाद्या महाविद्यालयाला जन्मभर पुरतील. टायर खपतात ते रिमोल्डिंगमध्ये, रस्त्याच्या रबरमिश्रित डांबरात, चटया आणि टर्फमध्ये. जुलै २०२२ पासून टायर बनवणाऱ्यांवरच त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकणारे नियमही आले आहेत. रॉकेटमध्ये टायर घालण्याचे कारण शिक्षणाचे आहे: स्वस्त, अशुद्ध, गुंतागुंतीचे इंधन हाताळताना विद्यार्थी चाळणी, ओल, घनता आणि मोजमाप शिकतो. तेवढे पुरेसे आहे, त्यावर पर्यावरणाचा मुलामा कशाला?

आपल्या वार्ताहरांना एकच विनंती. अशा प्रकल्पाची बातमी करताना मुलांना पहिला प्रश्न ‘किती उंच गेले?’ हा न विचारता ‘ऑक्सिजन कुठे ठेवला होता?’ हा विचारावा. ‘चुऱ्यातच मिसळला’ असे उत्तर आले तर फोटो न काढता आधी मुख्याध्यापकांना गाठावे.

जागेअभावी काटछाट करावी लागली तर नळीच्या प्रमाणाचे आकडे गाळावेत, मोजमापाचा भागही हवा तर गाळावा. स्फोटके कायद्याचा आणि ऑक्सिजनच्या नळ्यांचा असे दोन परिच्छेद मात्र जसेच्या तसे छापावेत.

कळावे,
रबर व ज्वलन या विषयांतील काही तंत्रज्ञ आणि अध्यापक,
ठाणे–ऐरोली